राहत्या घराला भाडे कुठले?

मार्च महिना आला की आमच्या घरात दोन कागदांची चर्चा होते. एक मुलांच्या परीक्षेचे वेळापत्रक, दुसरा घरपट्टीचे बिल. यंदा बिल भरण्याआधी आम्ही कर आकारणीचा उतारा काढला. मालकाच्या नावापुढे अजून अब्बांचे नाव, आणि भोगवटादाराच्या रकान्यात 'भाडेकरू'. समोरच्या खोलीत बदलीवर आलेले एक मास्तर राहत असत. त्यांना जाऊन दहा वर्षे झाली. अब्बांच्या इंतकालालाही बरीच वर्षे झाली. नोंद बदलून घ्यायला आम्ही कधी गेलोच नाही. चूक आमचीच.

घरपट्टी ठरते कशी, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. करयोग्य मूल्याच्या पद्धतीत घर वर्षाला किती भाड्याने जाऊ शकेल याचा अंदाज धरतात, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या रकमेवर कर लावतात. म्हणजे ज्या घरात आपण बारा महिने राहतो, ज्यातून एक पैसा भाडे येत नाही, त्याच्यावरही न मिळालेल्या भाड्याचा हिशेब होतो.

पुण्यात याचा विचार १९७० साली झाला. मालक स्वतः राहत असेल तर वार्षिक भाड्यात ४० टक्के सूट, असे महानगरपालिकेने ठरवले. समजा अंदाजे भाडे १२,००० रुपये आहे. एरवी १० टक्के वजा जाता १०,८०० रुपयांवर कर बसेल. आधी ४० टक्के सूट मिळाली तर ७,२०० उरतात, आणि १० टक्के वजा जाता ६,४८०. शिक्षकाच्या किंवा विणकराच्या घरात हा फरक जाणवतो.

पण पुढची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ही सूट ठरावावर उभी होती, कायद्यात तिला पक्का आधार नव्हता. राज्य सरकारने ठराव रद्द केला आणि १ एप्रिल २०१९ पासून नव्याने नोंद झालेल्या घरांना सूट मिळेना. लोकांनी आवाज उठवला आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती परत दिली. तरीही ज्यांची सूट थांबली होती त्यांना 'पीटी-३' नावाचा अर्ज भरून, आपण या घरात स्वतः राहतो याचा पुरावा जोडावा लागला. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या राहत्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला. फार लांब, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातही १ जानेवारीला जे घर मालकाचे कायमचे राहते घर असेल त्यालाच सवलत आहे, आणि तिथेही १ मार्चपर्यंत अर्ज करावा लागतो. सवलत असली तरी मागावी लागते, हे सगळीकडे सारखेच.

पुण्या-मुंबईच्या या सवलती त्या त्या शहरापुरत्या. भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या घरांना त्या लागू नाहीत. आपल्याकडची तरुण मुले नागपूर-पुण्याला जातात, काही आखाती देशांत. मागे राहतात म्हातारे आईबाप, नाहीतर एखादा भाऊ. नळ तेच वापरतात, गटार तुंबले तर तेच तक्रार करतात, पट्टीही तेच भरतात. पाणी, दिवाबत्ती, सफाईला पैसा लागतो हे मान्य. सगळ्यांनाच माफी द्या, असे आम्ही म्हणत नाही. मात्र बारा महिने राहणाऱ्याचे घर आणि भाड्याने दिलेले घर एकाच मापाने मोजू नये. ही मागणी नगरसेवकांपाशी थांबवू नका, आमदारांपर्यंत न्या. नुसत्या ठरावाचे काय होते, ते पुण्याने दाखवलेच आहे.

तोवर आपल्या हातातले करून टाकू. उतारा काढून मालकाचे नाव, बांधकामाचे मोजमाप आणि भोगवट्याचा रकाना तपासा. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा हरकतीची मुदत नोटिशीत दिलेली असते. ती चुकवू नका आणि हरकत लेखीच द्या, पोच घ्या. थकबाकी ठेवू नका, नगरपरिषदेच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती चढते.

आणि वारसांची नोंद. आपल्याकडे विरासतीत बहिणींचाही हिस्सा असतो. 'नंतर पाहू' म्हणत घर वर्षानुवर्षे मरहूम वडिलांच्या नावावर राहते. उद्या राहत्या घराला सवलत मिळालीच, तर आपण मालक आहोत हे दाखवायला कागद कुठला आणणार? आम्ही गेल्या महिन्यात आपांना आणि नागपूरच्या भाईजानना बसवले, सगळ्यांची नावे लिहून अर्ज दिला. आपा म्हणाल्या, "पट्टी तू भरतोस, पण घर अब्बांचं आहे, आपल्या सगळ्यांचं." आता अर्जातही तसेच लिहिले आहे.