दोन मोनो फाइल्सचं स्टिरिओ करताना

‘ऑडॅसिटीमध्ये दोन मोनो रेकॉर्डिंग्ज जोडून एक स्टिरिओ फाइल कशी करायची?’ प्राण्यांच्या आवाजावर काम करायचं ठरवलेले विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. उत्तर दोन मिनिटांचं आहे. ते आधी देते. मग त्या दोन मिनिटांच्या कामाने माझे तीन आठवडे कसे खाल्ले तेही सांगते, कारण तुमच्या उपयोगाचा भाग खरं तर तोच आहे.

दोन्ही फाइल्स एकाच प्रोजेक्टमध्ये इम्पोर्ट करा. ट्रॅक एकाखाली एक, लागून हवेत. दोन्हींचा सॅम्पल रेट सारखा आहे ना ते पाहा; एक ४४१०० आणि दुसरा ४८००० असेल तर आधी तो निस्तरा. मग वरच्या ट्रॅकच्या नावाजवळचा मेनू उघडून ‘मेक स्टिरिओ ट्रॅक’ निवडा. वरचा ट्रॅक डावा चॅनल होतो, खालचा उजवा. डब्ल्यूएव्ही म्हणून एक्सपोर्ट करा. झालं. (एकच मोनो फाइल दोन्ही चॅनल्सना टाकलीत तर फाइलचा आकार दुप्पट होईल, माहिती मात्र तेवढीच राहील.)

आता माझी गोष्ट. पावसाळ्यात सह्याद्रीत झुडपांमध्ये बसून ‘टिक टिक’ करणारे छोटे बेडूक असतात. शेजारी बसलेले दोन नर पुष्कळदा आळीपाळीने ओरडतात. एकाच्या आवाजानंतर दुसरा किती वेळाने उत्तर देतो, हे मला मोजायचं होतं. दोन बेडकांमध्ये साधारण ५ मीटर अंतर होतं, म्हणून प्रत्येकाजवळ एकेक रेकॉर्डर ठेवला. दोन्ही सुरू केले, मधोमध उभी राहून एक टाळी वाजवली आणि सहा तासांनी भिजत परत येऊन बंद केले.

लॅबमध्ये टाळीचं टोक जुळवलं, स्टिरिओ केलं, मोजायला बसले. सुरुवातीला उत्तर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी येत होतं, पहाटेपर्यंत ७२० झालं. केवढा आनंद! बेडूक थकतो, उत्तर लांबवतो. आलेख काढला, सेमिनारची स्लाइडही केली.

सरांनी आलेख पाहून एवढंच विचारलं, “इतकी सरळ रेष? बेडकाने फूटपट्टी घेतली होती का?”

खरंच, जिवंत प्राण्याच्या वागण्याची रेष इतकी सरळ कशी येईल? प्रत्येक रेकॉर्डरच्या आत क्वार्ट्‌झचा एक स्फटिक असतो आणि सेकंदाला किती नमुने घ्यायचे ते त्याच्या कंपनांवर ठरतं. दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखांत २० इतकी चूक साध्या उपकरणात सहज असू शकते. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण तासाला ती ७२ मिलिसेकंद होते, आणि तेवढ्या वेळात आवाज जवळजवळ २५ मीटर जातो. माझ्या दोन रेकॉर्डर्समध्ये दहा लाखांत १५चा फरक होता. तासाला ५४ मिलिसेकंद, सहा तासांत ३२४. माझा ‘थकलेला बेडूक’ म्हणजे तेवढाच आकडा.

टाळीने फक्त सुरुवात जुळते, वेग जुळत नाही. आणि एकदा स्टिरिओ केलं की दोन्ही चॅनल्स एकाच घड्याळावर असल्यासारखे एका ओळीत दिसतात. स्क्रीनवर काहीच चुकलेलं दिसत नाही, म्हणून मला ही पायरी धोक्याची वाटते.

डेटा वाचला तो नशिबाने. डाव्या रेकॉर्डरमध्ये दुसऱ्या बेडकाचा आवाजही पुसटसा आला होता. मग एकट्या डाव्या फाइलमध्ये, म्हणजे एकाच घड्याळावर, पुन्हा मोजलं. त्या ५ मीटरचे सुमारे १५ मिलिसेकंद वजा केल्यावर उत्तर रात्रभर ४००च्या आसपास! तुम्हीही दोन रेकॉर्डर्सवरून काही शोधल्यासारखं वाटलं, तर ते एका चॅनलमध्ये दिसतंय का ते आधी बघा.

दुरुस्ती करताना मी ऑडिओला हात लावला नाही. वेग बदलण्याचा इफेक्ट आहे, पण तिथे भरायच्या टक्क्यांत इतका बारीक फरक नीट बसेल याची खात्री वाटली नाही. त्यापेक्षा प्रत्येक आवाजाला लेबल लावलं (कंट्रोल आणि बी), लेबल्स टेक्स्ट फाइलमध्ये एक्सपोर्ट केली आणि उजव्या बाजूच्या, टाळीपासून मोजलेल्या वेळांना स्प्रेडशीटमध्ये २१६०० भागिले २१६००.३२४ने गुणलं. मूळ फाइल जशीच्या तशी राहते आणि परीक्षकाने विचारलं तर प्रत्येक पायरी दाखवता येते. मात्र याने दोन घड्याळं एकमेकांशी जुळतात. त्यातलं खरं कुठलं, ते यातून कळत नाही.

फील्डवर आता मी दोन टाळ्या वाजवते, एक सुरुवातीला आणि एक बंद करण्याआधी, दोन्ही रेकॉर्डर्सच्या बरोबर मध्यावर. एका रेकॉर्डरच्या ३.४ मीटर जास्त जवळ उभ्या राहिलात तर टाळीतच १० मिलिसेकंदांची चूक शिरते. शक्य असेल तिथे दोन टाळ्याही नकोत: दोन इनपुटचा एकच रेकॉर्डर आणि लांब वायरींचे दोन माइक. वायर पावसात सांभाळणं हा मोठाच त्रास आहे, पण घड्याळ एकच राहतं.

आणखी एक. स्टिरिओ केल्यावर ‘नॉर्मलाइझ’ वापरणार असाल तर दोन्ही चॅनल्स स्वतंत्रपणे नॉर्मलाइझ करण्याची चौकट रिकामी ठेवा. डावा आवाज उजव्यापेक्षा किती मोठा आहे हीसुद्धा तुमची मोजणी असू शकते, आणि त्या एका टिकमार्कने ती पुसली जाते. माझी एक रात्र तशीही गेली आहे, पण त्या फाइलची मूळ प्रत होती.