पीठ एका ठिकाणी, लाटणी घरोघरी

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. 'लिज्जत'ची ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. व्याप वाढला तशी गच्ची पुरेना. मग रीत पडली ती अशी: पीठ केंद्रावर मळायचे, बहिणींनी ते तोलून घरी न्यायचे आणि लाटलेले पापड परत आणून द्यायचे. केंद्रावर ते तपासून घेतले जातात.

कॉम्प्युटरच्या लेखात पापड कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण अवाढव्य गणिते सोडवण्याची आजची पद्धत नेमकी हीच आहे. एकाच बलाढ्य यंत्रावर सगळा भार टाकण्याऐवजी गणिताच्या लाट्या करायच्या आणि त्या अनेक यंत्रांना वाटायच्या.

पुण्याला हे नवे नाही. अमेरिका भारताला हवा तसा महासंगणक द्यायला राजी नव्हती. तेव्हा १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली आणि १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' उभा राहिला. त्यात एक मोठा मेंदू नव्हता. बरेच छोटे मेंदू एकमेकांना जोडून कामाला लावले होते.

मात्र हे मेंदू जवळजवळ का बसवावे लागतात, ते पाहण्यासारखे आहे. हवामानाचे गणित करताना देशाच्या नकाशावर चौकोन आखतात. रत्नागिरीच्या चौकोनात पुढच्या काही मिनिटांत काय होईल, हे शेजारच्या चौकोनातला वारा कळल्याशिवाय ठरत नाही. म्हणजे यंत्रांची सतत कुजबुज चालू हवी. एक यंत्र पुण्यात आणि दुसरे परदेशात ठेवले, तर निरोपाची वाट पाहण्यातच वेळ जाईल. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला, २०२४ साली राष्ट्रार्पण झालेला 'अर्क' महासंगणक एका जागी नांदतो.

पण काही गणिते स्वभावाने पापडासारखी असतात. एका लाटणीला दुसरीशी बोलायची गरजच नसते. १७ मे १९९९ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने 'सेटी ॲट होम' सुरू केले. अरेसिबोच्या प्रचंड दुर्बिणीने टिपलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे घरोघरच्या कॉम्प्युटरांकडे जात. मालक चहाला उठला की त्याचे यंत्र परग्रहवासीयांचा संकेत शोधू लागे! एकच तुकडा एकाहून अधिक घरी पाठवत, म्हणजे कोणाचे यंत्र चुकले तर कळे. पन्नास लाखांवर माणसे यात सामील झाली. ३१ मार्च २०२० रोजी तुकडे पाठवणे थांबले. परग्रहवासी काही सापडले नाहीत.

त्याच मार्च महिन्यात जग घरात कोंडले गेले होते. कोरोना विषाणूच्या अंगावरचे प्रथिनांचे काटे कसे हलतात, कसे उघडतात, हे कळले तर औषध कुठे बसेल ते शोधता येणार होते. पण प्रथिनाची हालचाल कॉम्प्युटरवर पाहायची तर सेकंदाच्या हजार अब्जाव्या भागाहूनही कितीतरी लहान पावले टाकत जावे लागते. त्यातून एक पाऊल संपल्यावाचून दुसरे टाकता येत नाही. एकच पापड दहा जणींना लाटता येत नाही, तसे. 'फोल्डिंग ॲट होम'च्या शास्त्रज्ञांनी युक्ती केली ती अशी, की एकच लांब प्रवास न करता हजारो छोटे प्रवास वेगवेगळ्या यंत्रांवर करायचे आणि नंतर त्यांची सांगड घालायची. महासाथीपूर्वी सुमारे तीस हजार यंत्रे या कामावर होती. पाहता पाहता ती दहा लाखांवर गेली. इतकी, की लाटणारे हात तयार आणि पीठच संपले, अशी पाळी आली! मग मोठ्या कंपन्यांनी आपली दूरस्थ यंत्रे वाटपासाठी देऊ केली. एवढ्या खटाटोपातून विषाणूच्या प्रथिनांच्या हालचालीचा जो काळ हाती आला, तो सेकंदाचा फक्त दहावा हिस्सा होता. पण त्यात औषधाला शिरता येईल असे पन्नासहून अधिक लपलेले खळगे दिसले.

ज्यांना असे स्वयंसेवक मिळत नाहीत, त्यांच्यासाठी क्लाऊड आहे. नाव ढगाचे असले तरी ती कुठल्याशा इमारतीतली भाड्याची यंत्रे! आपल्या कचेरीतल्या चार यंत्रांवर काम चालू ठेवायचे, गर्दी झाली की शंभर भाड्याने घ्यायची, काम संपले की सोडून द्यायची. सोडायला विसरलात तर मीटर चालूच राहतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आणखी एक अडचण पिठाच्या ने-आणीची. २०१९ साली कृष्णविवराचे पहिले छायाचित्र आपण पाहिले. त्यासाठी जगभरच्या दुर्बिणींनी जमवलेली माहिती एवढी होती, की ती तारेवरून न पाठवता डिस्कमध्ये भरून विमानाने नेली. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरून विमाने उडू लागेपर्यंत अडकून पडल्या होत्या.

घरच्या कॉम्प्युटरला असल्या कामाला जुंपायची हौस आलीच, तर आधी पंख्याच्या जाळीतली धूळ झाडा. यंत्र दिवसभर राबले की चांगलेच तापते, आणि विजेचे बिल आपल्याच नावावर येते.