तेलाच्या आधीचं लोणचं

शिरोड्याला आमच्या घरी माळ्यावर बरण्यांच्या दोन रांगा असायच्या. भिंतीलगतच्या रांगेत तेलाची लोणची: मोहरी फेसून घातलेली कैरी, लिंबू, मिरची. पाहुणे आले, मुंबईला कुणी निघालं, की ती बरणी खाली यायची. पुढच्या रांगेत, हाताला सहज लागतील अशा, पाण्याच्या बरण्या. त्यांत अख्ख्या कैऱ्या, फणसाचे कच्चे गरे, आणि एका बुटक्या बरणीत घोसासकट बुडवलेली हिरवी मिरी. खडेमीठ गावच्याच मिठागरातलं. तेलाचा थेंब नाही, फोडणी नाही, मसाला नाही. सकाळच्या पेजेवर रोज निघायची ती ही बरणी, आणि तिला घरात कुणी ‘लोणचं’ म्हणत नसे. ‘खारातली मिरी’ म्हणत.

लोणचं कशाला म्हणायचं नाही, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसला. शब्दाकडे पाहिलं तर उत्तर उलटं मिळतं. लोणचं आलंय ‘लवण’ या शब्दातून. त्यात तेल नाही, मोहरी नाही, आंबटपणासुद्धा नाही. फक्त मीठ आहे. बरणीतल्या रसाला आपण आजही ‘खार’च म्हणतो, मग तो तेलात कितीही बुडालेला असो. म्हणजे आमच्या माळ्यावर ज्या रांगेला लोणच्याचा मान नव्हता, तिचाच त्या नावावर पहिला हक्क होता. हे मला लहानपणी जाणवलं होतं असं नव्हे. पण गेली वीस वर्षं मी त्या पुढच्या रांगेचा माग काढते आहे.

सुरुवात मिरीपासून केली, कारण मिरी हे चमत्कारिक फळ आहे. मिरवेलीवरचा तोच दाणा उन्हात वाळवला की काळी मिरी होतो. पिकल्यावर तोडून आठ-दहा दिवस साध्या पाण्यात कुजत ठेवला आणि साल चोळून काढली की पांढरी. कोवळा असताना मिठाच्या पाण्यात टाकला की हिरवाच राहतो. ऊन, पाणी आणि मिठाचं पाणी, एवढ्याच फरकानं तीन वेगळ्या जिनसा तयार होतात. त्यातली तिसरी आपल्याकडे वाण्याच्या दुकानात सहसा मिळत नाही. मादागास्करहून डब्यात भरून गेलेली हीच मिठाच्या पाण्यातली मिरी फ्रेंच स्वयंपाकात मांसावरच्या सॉसमध्ये मानानं वापरली जाते. आमच्याकडे ती पेजेच्या वाडग्याशेजारी असायची.

ती हिरवी ठेवायची कशी, यावरून माझी आत्या आणि शेजारच्या काकू यांच्यात दर वर्षी वाद व्हायचा. काकूंचं म्हणणं, घोस उकळत्या पाण्यात बुडवून काढावेत. आत्या म्हणायची, पाणी गार करूनच ओतावं आणि, “लिंबू पिळ गो, नायतर काळी पडतली.” एका वर्षी काकूंनी घोस उकळत्या पाण्यात मिनिटभर धरले आणि मिरी दोन दिवसांत काळीभोर झाली. आत्या जिंकली असं सगळ्यांनी धरलं. खरं कारण मला बऱ्याच नंतर वाचायला मिळालं. मिरीच्या सालीत फिनॉल वर्गातली द्रव्यं असतात आणि त्यांना हवेच्या मदतीनं काळं करणारं एक विकरही असतं. कापलेलं सफरचंद किंवा वांगं ज्या प्रकारे काळं पडतं तोच हा प्रकार. गरम पाण्याचा चटका मिनिटभरच दिला तर सालीच्या पेशी फुटतात, पण विकर मरत नाही; उलट त्याला रान मोकळं मिळतं. म्हणून तर काळी मिरी एकसारखी काळी यावी यासाठी वाळवण्याआधी ती मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवायची शिफारस केली जाते. तेच घोस जास्त वेळ उकळले असते तर विकर मेलं असतं आणि मिरी हिरवी राहिली असती. काकूंचा मार्ग चुकीचा नव्हता, त्या घाई करत होत्या. आत्याचं लिंबू मात्र दोन्ही अंगांनी बरोबर होतं: आम्लात ते विकर लुळं पडतं आणि मिरी न शिजता, करकरीत राहते.

आणखी एक गोष्ट आत्याला अनुभवानं ठाऊक होती. वर्षभर मुरूनही मिरीचा तिखटपणा खारात उतरत नाही. खार नुसता सुगंधी होतो, आग दाण्यातच राहते. मिरीतलं तिखट द्रव्य म्हणजे पायपरीन, आणि ते पाण्यात जेमतेम विरघळतं. १८१९ साली ते वेगळं काढलं हान्स क्रिस्टियन अर्स्टेड यांनी. वीज आणि चुंबक यांचं नातं दाखवणारे तेच अर्स्टेड, आणि तो शोध त्यानंतर एकाच वर्षानं, १८२०चा.

मिठाच्या पाण्यात टिकणाऱ्या दुसऱ्या जिनसेचं, हळदीचं, थोडक्यात सांगते. सांगलीच्या बाजारातली हळद आपण सगळे जाणतो: शिजवलेली, वाळवलेली, घासून चकचकीत केलेली. पाच किलो ओल्या हळदीची जेमतेम किलोभर सुकी होते. जाणारं बहुतेक पाणीच असतं, पण त्या पाण्याबरोबर ओल्या कंदाचा गाजरासारखा करकरीतपणा आणि मातीत भिजलेला गोडसर वासही जातो. तो टिकवायचा एकच मार्ग मला माहीत आहे, तो म्हणजे मीठ. आंबेहळदीचं तसंच, वाळवलेली आंबेहळद लेपाला बरी, जेवायला ओलीच हवी.

एवढं जमवल्यावर मी जुन्या कागदांकडे वळले. ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा यूल आणि बर्नेल यांचा १८८६चा कोश मी मिरीसाठी उघडला होता आणि पहिल्याच पानांत ‘अचार’ या नोंदीवर थांबले. त्यांनी दिलेला सगळ्यात जुना दाखला गोव्यातला होता: गार्सिया द ओर्ता, १५६३, पान १७. आणि तिथे ज्या पदार्थाला अचार म्हटलं होतं तो कैरी नव्हे, लिंबू नव्हे, मिरी नव्हे. तो होता बिब्बा.

ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्याला आला आणि परत गेलाच नाही. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं. तिथल्या आपल्या आंब्याचं झाड वर्षातून दोनदा फळतं, असं त्यानं कौतुकानं नोंदवलंय. इथल्या औषधी आणि मसाल्यांवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ एप्रिल १५६३मध्ये गोव्यातच छापला गेला, छपाईच्या चुकांनी खचाखच भरलेला. त्यात ओर्ता स्वतः आणि रुआनो नावाचा एक काल्पनिक पाहुणा बोलतात, आणि मधूनमधून अंतोनिया नावाची मोलकरीण हवं ते फळ-मूळ आणून समोर ठेवते. भारतातल्या वनस्पतींवरच्या या पहिल्या छापील ग्रंथात स्वयंपाकघराचं दार सतत उघडं असतं, म्हणून मला तो इतका प्रिय आहे. बिब्ब्याच्या संवादात ओर्ता सांगतो की हे फळ हिरवं असताना इथले लोक मिठात घालून टिकवतात, त्याला अचार म्हणतात, आणि आपल्याकडे ऑलिव्ह विकतात तसं ते बाजारात विकलं जातं.

बिब्बा! ज्याच्या तेलानं कातडीवर फोड येतात, ज्याच्या काळ्या डागानं धोबी कपड्यांवर खुणा करत, चांगल्या कामात कुणी विघ्न आणलं की ज्याचं नाव आपण घेतो. तो मिठात? मला वाटतं, फळ अगदी कोवळं असताना, तेल पुरतं तयार होण्याआधी हे करत असावेत. हा माझा तर्क आहे आणि कुणीही तो घरी तपासून पाहू नये. पण ओर्ताची तुलना मला फार नेमकी वाटते. ऑलिव्ह झाडावरून तोडून खाता येत नाही इतकं कडू असतं. मिठाच्या पाण्यात मुरल्यावरच ते खाण्याजोगं होतं. ओर्ताला दिसलं ते नुसतं चवीचं साम्य नव्हतं, कृतीचं होतं. त्यानं तेलाचा उल्लेख केलेला नाही, मोहरीचा नाही. फळ आणि मीठ.

ओर्ता १५६८मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला गोव्याच्या इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, जाळलं. गुन्हा ज्यूधर्म गुपचूप पाळल्याचा. १५८०मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून तीही जाळण्यात आली. याच इन्क्विझिशनचा १७३६चा एक हुकूमनामा आहे, अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात तो वाचायला मिळतो. बाटलेल्या लोकांनी हिंदूंचे कोणकोणते रिवाज सोडावेत, याची ती यादी. त्यात एक कलम असं, की भात मीठ न घालता शिजवून मागाहून वरून मीठ घेण्याची हिंदूंची पद्धत बंद करावी. हे कलम मी वाचलं तेव्हा माझ्यासमोर आमची पेज आली. बिनमिठाची पेज, आणि मीठ येणार ते खारातल्या मिरीतून, कैरीतून. ज्या घरात मिठाच्या पाण्याची बरणी आहे, त्या घरात भातात मीठ घालायचं कारणच नाही. धर्माच्या अधिकाऱ्यांना भातातल्या मिठावर हुकूम काढावा लागला, इतका हा रिवाज लोकांच्या हाताला बसलेला होता.

ओर्तानंतर वीस वर्षांनी, १५८३मध्ये, यान हौखेन फान लिन्सखोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. त्याचा प्रवासग्रंथ १५९६चा. त्यात आंब्याच्या प्रकरणात मला आमच्या घरचा माळा जसाच्या तसा सापडला, दोन्ही रांगांसकट. तो लिहितो की हिरवे आंबे मडक्यांत मिठात घालून ठेवतात आणि साध्या पाण्यात शिजवलेल्या भाताबरोबर खातात. हे गुलामांचं आणि सामान्य लोकांचं रोजचं अन्न. हे आंबे कापले की स्पेनमधल्या पांढऱ्या ऑलिव्हसारखे दिसतात आणि चवही जवळपास तीच. ऑलिव्ह इथेही आलंच. मग तो दुसरा प्रकार सांगतो: ओलं आलं आणि शिजवलेली लसूण भरून, मीठ लावून, तेल-व्हिनेगरात ठेवलेले भरले आंबे. हे महाग, मानाचे, आणि म्हणून कमी चालणारे. ‘अचार’ हे नाव त्यानं या दुसऱ्यांना दिलंय. १५९८च्या इंग्रजी भाषांतरात छापणाऱ्यांनी त्याचा ‘मचार’ केला, आणि यूल-बर्नेलनी ती चूक पकडली.

इथे माझं मत लपवत नाही. ओर्ताच्या पानावर अचार म्हणजे मिठातलं फळ. लिन्सखोटेनच्या पानावर अचार म्हणजे तेल-व्हिनेगरातलं महागडं. एकाच गावातले हे दोन साक्षीदार, आणि मधे वीसच वर्षं. यावरून नाव सरकलं असं मी म्हणणार नाही, दोन पानांवर एवढा मोठा इमला उभा राहत नाही. पण नावाचा ओढा कुणीकडे आहे ते दिसतं. पैसेवाल्याच्या बरणीला नाव मिळतं, गरिबाची बरणी नुसती ‘मिठातली’ राहते. आमच्या घरीही तेच घडत होतं.

पुढचे दाखले भराभर येतात. १६१६मध्ये जपानातल्या हिराडो बंदरात इंग्रज वखारीच्या रिचर्ड कॉक्सकडे दुभाष्याची बायको अचाराची एक छोटी बरणी भेट घेऊन येते, नवरा औषध घेतोय म्हणून कामावर आला नाही, त्याला माफ करा, असं सांगायला. १६८७मध्ये इंग्रज दर्यावर्दी डॅम्पियर सयाम आणि पेगूकडच्या बांबूच्या कोंबांच्या अचाराबद्दल लिहितो. आणि १७२७मध्ये अलेक्झांडर हॅमिल्टन हा दुसरा दर्यावर्दी गोव्यातल्या शिपाई, कोळी, शेतकरी आणि कारागिरांच्या जेवणाबद्दल सांगतो: पाण्यात शिजवलेला थोडा भात, बरोबर खारा मासा किंवा अचार; आणि अचार म्हणजे मुरवलेली फळं किंवा मुळं.

मुळं. या एका शब्दावर मी बराच वेळ थांबले होते. कोकण-गोव्याच्या परसात मुरवण्याजोगी मुळं कोणती? आलं, आंबेहळद, हळद. माझ्या मनात त्या मडक्यात तीच आहेत.

मिरवेलीवर दाणे भरू लागले की महिन्याभरात ओली हळदही बाजारात येते, म्हणून दोन्हींची कृती सांगून ठेवते. मिरीसाठी लिटरभर पाण्यात १५० ग्रॅम खडेमीठ उकळून पूर्ण गार करायचं. वजनकाटा नसेल तर कच्चं अंडं त्यात सोडावं. ते तरंगलं म्हणजे खार पुरेसा कडक झाला. घोस कोवळेच हवेत, दाणा नखानं चिरडेल इतके. आत बी टणक झालं की उपयोग नाही. धुऊन, सावलीत कोरडे करून बरणीत भरायचे, खार ओतायचा, चार-पाच लिंबं पिळायची. वर एखादी छोटी बशी दाबून ठेवायची, कारण जो दाणा खाराबाहेर डोकं काढतो तोच आधी बिघडतो. इतक्या मिठात फारसं काही आंबत नाही, मिरी नुसती मुरते. तोंडाला दादरा बांधून तीन आठवडे हात लावू नये.

हळद, आंबेहळद आणि आल्याला मात्र मी मीठ कमी घेते, लिटरला ५० ग्रॅम. इतक्या मिठात दुधाचं दही करणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद जगतात आणि बाकीचे बरेचसे दबून जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चकत्यांभोवती बारीक बुडबुडे दिसतात, पाणी गढुळतं, आणि आंबटपणा लिंबाशिवाय, आपोआप येतो. वर पातळ पांढरी साय धरली तर ती काढून टाकावी. केसाळ किंवा रंगीत बुरशी दिसली तर बरणीच टाकावी, त्यात कंजुषी नको. आठवड्यानं चव घेऊन बरणी फ्रिजमध्ये ठेवावी. कोवळं आलं आंबट होताना कधीकधी गुलाबी होतं. घाबरू नये, तो त्याचाच रंग आहे.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तेल तिला वर्ज्य केलंय, त्यामुळे माळ्यावर मागची रांग उरलेली नाही. गेल्या पौषात मी गेले तेव्हा तिनं पेज वाढली, बुटक्या बरणीतून मिरीचा एक घोस काढून वाडग्याच्या कडेला ठेवला आणि पेजेत मीठ घातलं नाही.