स्तनाच्या कॅन्सरची स्टेज: टी२ एन१ एम० म्हणजे काय?

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "स्टेज कितवी?" पण बायोप्सीवरून स्टेज कळत नाही. गाठ कॅन्सरची आहे का आणि कोणत्या जातीची, एवढंच तिच्यातून समजतं. कॅन्सर कुठवर पोचलाय हे डॉक्टरांची तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे स्कॅन यांवरून ठरतं.

तीन अक्षरं

फाइलवर 'टी२ एन१ एम०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. टी म्हणजे गाठीचा आकार: दोन सेंटीमीटरपर्यंत टी१, दोन ते पाच टी२, त्याहून मोठी टी३. गाठ कातडीत किंवा छातीच्या भिंतीत शिरली असेल तर टी४. एन म्हणजे काखेतल्या लसिकाग्रंथी, आणि एम म्हणजे हाडं, फुप्फुसं, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांत झालेला प्रसार. वरच्या उदाहरणात गाठ मध्यम, काखेत शिरकाव, दूर काही नाही. ही दुसरी स्टेज.

शून्य ते तीन

शून्य स्टेजमध्ये कॅन्सरच्या पेशी दूधनलिकेतच असतात. पहिल्या-दुसऱ्या स्टेजमध्ये बहुधा आधी ऑपरेशन होतं. अनेकींचा स्तन वाचवता येतो. फक्त गाठ काढून नंतर रेडिएशन देतात. पूर्ण स्तन काढला म्हणजे जास्त खात्री, हा समज घट्ट बसलाय. योग्य रुग्णात दोन्हींनी आयुष्य सारखंच मिळतं.

काखेत गाठी लागत नसतील तर स्तनात निळा रंग टोचतात. तो आधी ज्या ग्रंथींत उतरतो तेवढ्याच काढून तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीची काख तशीच ठेवता येते आणि हात सुजण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

तिसऱ्या स्टेजमध्ये साधारणपणे किमो आधी, ऑपरेशन नंतर. "ऑपरेशन लांबवताहेत" म्हणून घरचे घाबरतात, पण गाठ आधी आक्रसवण्यासाठीच हा क्रम असतो.

चौथी स्टेज

इथे आजार आटोक्यात ठेवणं हा हेतू असतो, आणि औषधांवर काही जणी अनेक वर्षं काढतात. "मूळ गाठ तरी काढा" असा आग्रह होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ३५० रुग्णांवर हेच तपासलं गेलं; गाठ काढल्याने आयुष्य वाढलं नाही. ती चिघळली, तर मात्र काढावी लागू शकते.

गाठीचा स्वभाव

माझ्या मते स्टेजइतकाच मोलाचा कागद ईआर, पीआर आणि हर२ या तपासण्यांचा. ईआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी पाच ते दहा वर्षं. हर२ पॉझिटिव्हसाठी ट्रास्टुझुमॅब, बहुधा वर्षभर. तिन्ही निगेटिव्ह असतील तर मुख्य भिस्त किमोवर. म्हणून एकाच स्टेजच्या दोघी मैत्रिणींचे उपचार निराळे असू शकतात. शेजारणीची फाइल लावून आपली वाचू नये.

दुखत नाही म्हणून

सुरुवातीची गाठ बहुधा दुखत नाही, आणि वेळ इथेच जातो. १९९८पासून मुंबईत दीड लाखांवर बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्यांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानेच तपासली, मॅमोग्राफीशिवाय. त्यांच्यात कॅन्सर आधीच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशी ओलांडलेल्यांत या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले.