बेसिलच्या फजितीची पूर्वतयारी

लाल रंगाची छोटी ऑस्टिन गाडी ऐन घाईच्या वेळी रस्त्यात बंद पडते. उंच, हडकुळा मालक खाली उतरतो, तिला दम भरतो, तीनपर्यंत अंक मोजतो आणि धावत कुठेतरी निघून जातो. काही क्षण पडद्यावर नुसती गाडी. मग तो परत येतो तो झाडाची फांदी घेऊन, आणि गाडीला बडवून काढतो.

‘फॉल्टी टॉवर्स’ ही ब्रिटिश विनोदी मालिका ज्यांनी पाहिलेली नाही, त्यांतल्या अनेकांनी हे अर्धं मिनिट मोबाइलवर पाहिलेलं असतं. हसूही येतं, पण निम्मंच. कारण ‘गूर्मे नाइट’ नावाचा तो भाग सुरू होतो तेव्हाच बेसिल फॉल्टी त्या गाडीशी स्वतः खटपट करत असतो आणि त्याची बायको सिबिल ती गॅरेजमध्ये टाकायला सांगत असते. गॅरेजवाले लुबाडतात म्हणून हा ऐकत नाही. पुढे गावातल्या प्रतिष्ठितांसाठी बेसिलच्या हॉटेलात खास मेजवानी ठरते; सोम्यागोम्यांनी येऊ नये असं जाहिरातीतच छापलेलं. मेजवानीच्या रात्री आचारी पिऊन आडवा. आता मिळणार फक्त बदक: संत्र्याबरोबर, चेरीबरोबर, किंवा दोन्हींशिवाय. तेही दुसऱ्याच्या हॉटेलातून आणायचं. पहिलं बदक पायदळी जातं, दुसरं आणताना गाडी बंद पडते. धापा टाकत बेसिल पोचतो, ताटावरचं झाकण उचलतो, तर आत ट्रायफलचं गोड. तेव्हा हा गृहस्थ त्या क्रीममध्ये हात घालून बदक शोधतो. हा क्षण मला फांदीपेक्षाही मोठा वाटतो. समोर पुरावा असूनही हार मानायची नाही, हा बेसिलचा सगळा स्वभाव त्या एका हातात आहे.

या मालिकेतला प्रत्येक मोठा हशा असा आधीच पेरलेला असतो. म्हणून तो तुकड्यात पाहून भागत नाही.

मालिकेचं मूळ खऱ्या हॉटेलात आहे. मे १९७० मध्ये ‘माँटी पायथन’ या विनोदी चमूची मंडळी चित्रीकरणासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावी गेली आणि ग्लेनईगल्स हॉटेलात उतरली. तिथले मालक डोनाल्ड सिंक्लेअर पाहुण्यांकडे उपद्रव म्हणूनच बघत, असं ही मंडळी सांगत आली आहेत. टेरी गिल्यम या अमेरिकन सहकाऱ्याला काटा-सुरी धरण्याच्या पद्धतीवरून त्यांनी भर जेवणात सुनावलं. एरिक आयडलच्या बॅगेत गजराचं घड्याळ टिकटिकत होतं. बॉम्ब असेल म्हणून सिंक्लेअरांनी ती बॅग बाहेर भिंतीपलीकडे नेऊन ठेवली. बाकीचे दुसऱ्या हॉटेलात गेले, जॉन क्लीज मात्र तिथेच राहिला. अशा माणसाला जवळून पाहण्याची संधी विनोदी लेखक सोडत नसतो. सिंक्लेअर यांच्या पत्नीने मात्र पुढे हे चित्र अन्यायाचं असल्याचं सांगितलं, आणि तेही नोंदवायला हवं.

क्लीज आणि त्याची पत्नी कॉनी बूथ या दोघांनी मिळून ही मालिका लिहिली. क्लीज बेसिल झाला, बूथ झाली पॉली, म्हणजे त्या हॉटेलातली एकमेव शहाणी नोकर. पहिली संहिता वाचून बीबीसीच्या एका पटकथा-संपादकाने १९७४ साली शेरा मारला की, पात्रं ठोकळेबाज आहेत आणि हे सपशेल पडणार. दुसऱ्या वरिष्ठांनी सुचवलं की, कथा जरा हॉटेलबाहेर न्या. क्लीजने ऐकलं नाही, ते बरं झालं. बाहेर पडायला वाटच नाही म्हणून तर बेसिलचा जीव घुसमटतो. १९ सप्टेंबर १९७५ रोजी बीबीसी २ वर पहिला भाग लागला. सहा भाग तेव्हाचे, सहा १९७९ चे. मधल्या काळात दोघांचा घटस्फोट झाला, तरी दुसरे सहा भागही त्यांनी एकत्रच लिहिले. क्लीजने सांगितल्यानुसार एकेका संहितेला सहा आठवडे लागत, आणि अर्ध्या तासाच्या नेहमीच्या विनोदी मालिकेच्या साधारण दुप्पट पानं त्यात असत.

त्या पानांत काय असतं, ते ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’मध्ये दिसतं. मिसेस रिचर्ड्स नावाची बहिरी, भांडखोर बाई खोली घेते. खिडकीतून काही दिसत नाही ही तिची तक्रार. टॉर्कीच्या खिडकीतून टॉर्कीच दिसणार, यावर बेसिल विचारतो की, बाईंना सिडनीचं ऑपेरा हाउस हवं होतं, बॅबिलोनच्या झुलत्या बागा, की आफ्रिकेतले दौडत जाणारे प्राण्यांचे कळप? बाईंजवळ कर्णयंत्र आहे, पण बॅटरी वाचावी म्हणून त्या ते चालू ठेवत नाहीत. मग बेसिल नुसतेच ओठ हलवतो. बाई यंत्राचा आवाज वाढवत नेतात, आणि तो पुरेसा वाढला की हा ओरडतो. दुष्टपणा आहे, आणि हसू आवरत नाही.

त्याच भागात बेसिलने बायकोला चोरून घोड्यावर पैसे लावलेले असतात आणि तो पंचाहत्तर पौंड जिंकतो. मॅन्युएल या स्पॅनिश वेटरला तो बजावतो की, घोड्याचं तुला काहीही माहीत नाही. पुढे पैसे आपलेच आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्याला नेमकी मॅन्युएलची साक्ष लागते. साहेबांचा हुकूम पाळल्याच्या अभिमानाने मॅन्युएल छाती काढून सांगतो की, मला काहीच माहीत नाही. वाक्य साधं, पण त्याची जागा वीस मिनिटं आधी तयार झालेली. बबन प्रभूंचे फार्स ज्यांनी रंगमंचावर पाहिलेत त्यांना ही जात ओळखू येईल. तिथेही एक थाप लपवायला दुसरी मारावी लागते, आणि चुकीच्या क्षणी दार उघडतं.

माझ्या मते या कलेचा कळस ‘द किपर अँड द कॉर्प्स’ आहे. लीमन नावाचा पाहुणा रात्री झोपेत मरतो. सकाळी बेसिल त्याला न्याहारी नेऊन देतो, संपांबद्दल आणि देशाच्या अवस्थेबद्दल कुरकुरतो आणि निघून जातो. समोरचा मेलेला आहे हे त्याला कळतच नाही; उत्तर न देणं हा उद्धटपणा वाटतो. मग न्याहारीच्या खारवलेल्या किपर माशांची मुदत उलटल्याचं लक्षात येतं आणि आपल्याच माशाने माणूस मारला या भीतीने त्याची गाळण उडते. पण माणूस तर खाण्याआधीच गेला होता, हे कळताच बेसिल आनंदाने उड्या मारू लागतो. प्रेताशेजारी. हॉटेलच्या धंद्याचं इतकं काळं आणि इतकं खरं चित्र टेलिव्हिजनवर क्वचितच आलं असेल. त्यानंतर ते प्रेत या खोलीतून त्या कपाटात, स्वयंपाकघरात आणि धुण्याच्या टोपलीत फिरत राहतं. या भागाचं बीजही खरं होतं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात काम केलेल्या एका मित्राने क्लीजला सांगितलं होतं की, मेलेले पाहुणे गुपचूप बाहेर काढणं ही तिथली मोठी अडचण असे. त्या मित्राचं नाव अँड्र्यू लीमन. मालिकेतल्या मयताला तेच आडनाव मिळालं.

सर्वांत प्रसिद्ध भाग मात्र ‘द जर्मन्स’. डोक्याला मार लागलेला बेसिल इस्पितळातून पळून येतो आणि जर्मन पाहुण्यांसमोर युद्धाचा विषय काढायचा नाही असं सगळ्यांना बजावत स्वतः दर दुसऱ्या वाक्यात युद्ध काढतो. जेवणाची ऑर्डर सांगता सांगता पदार्थांच्या जागी नाझी पुढाऱ्यांची नावं येतात. शेवटी तो लष्करी ढांगा टाकत भोजनगृहात फिरतो आणि एक पाहुणी रडत असते. हसण्याचा विषय जर्मन नाहीत, युद्धाला तीस वर्षं होऊनही त्यातच अडकलेला इंग्रज आहे, हे क्लीजने वारंवार सांगितलं आहे, आणि पडद्यावरही ते दिसतं.

याच भागातल्या एका संवादाचा आपल्याशी थेट संबंध आहे. हॉटेलात कायम मुक्कामी असलेला म्हातारा मेजर सांगतो की, एकदा एका बाईला आपण लंडनच्या ओव्हल मैदानावर भारतीय संघाचा क्रिकेट सामना बघायला नेलं होतं. ती खेळाडूंना एका वंशवाचक शिवीने संबोधत होती. मेजरने तिची चूक ‘दुरुस्त’ केली, म्हणजे भारतीयांसाठीची वेगळी शिवी सुचवली! जून २०२० मध्ये एका ब्रिटिश प्रसारण कंपनीने हा भाग तात्पुरता काढला आणि थोड्याच दिवसांत इशाऱ्यासह परत आणला. २०२४ साली लंडनच्या रंगमंचावर या मालिकेचं नाटक आलं तेव्हा क्लीजने त्या शिव्या गाळल्या. भारतीय प्रेक्षक म्हणून मला ते ऐकताना खटकतं, पण भाग काढून टाकावा असं वाटत नाही. मेजर मूर्ख आहे हे लेखकांना माहीत आहे. हशा त्याच्यावर आहे.

मॅन्युएलचं काय? परदेशी नोकराला बडवून हसवणं आज जड जातं, आणि काही ठिकाणी मलाही जातं. त्याला सावरतो तो अँड्र्यू सॅक्सचा अभिनय. सॅक्स मुळात बर्लिनचा. वडील ज्यू, म्हणून कुटुंबाने १९३८ मध्ये नाझींच्या जाचातून इंग्लंड गाठलं. क्लीजच्या हातचा तव्याचा एक फटका त्याला खरोखरचा बसला, आणि ‘द जर्मन्स’मधल्या आगीच्या दृश्यात कपड्यांतून धूर निघावा म्हणून लावलेल्या रसायनाने त्याची त्वचा भाजली. स्पेनमध्ये मालिका दाखवताना बार्सिलोनाचा मॅन्युएल इटालियन पाओलो झाला. कॅटलान भाषेत तो मेक्सिकन ठरला. आपल्या गावचा वेडा कुणालाच नको असतो!

‘बेसिल द रॅट’ हा शेवटचा भाग बीबीसीतल्या संपामुळे रखडून २५ ऑक्टोबर १९७९ ला लागला. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने शंभर सर्वोत्तम ब्रिटिश टेलिव्हिजन कार्यक्रमांची यादी केली, तिच्यात या बारा भागांच्या मालिकेला पहिला क्रमांक मिळाला.

दिवाळीच्या सुट्टीत एका दिवसात सगळी पाहून होते. नवख्याने ‘द जर्मन्स’पासून सुरुवात करू नये, बेसिलची ओळख नसेल तर तो नुसता आरडाओरडा वाटेल. आधी ‘कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स’ बघा, खाली इंग्रजी अक्षरं लावून, आणि एकही भाग मध्येच सुरू करू नका.