निंगायचंच तर हाये, राहू दे ना चालू!

आजचा भाग आमच्या घरातल्या एका भांडणातून निघालाय, हे आधीच सांगून टाकतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, काम घरूनच करतो, यवतमाळहून. दुपारी भाचीला शाळेतून आणायला बाबा कार काढतात. कधी कधी मीही सोबत जातो. शाळा सुटायच्या पंधरा मिनिटं आधी आम्ही गेटसमोर हजर. इंजिन चालू, एसी चालू. पुढे-मागे आणखी आठ-दहा गाड्या, दोन व्हॅन, काही ऑटो. सगळ्यांची घरघर सुरू.

एकदा मी गाडीतून उतरून गेटजवळ उभा राहिलो. घंटा झाली, पोरं गाड्यांच्या मधून वाट काढत यायला लागली. भाची दुसरीत आहे. ती एका व्हॅनच्या मागून आली तेव्हा माझ्या लक्षात आलं. सायलेन्सरचं तोंड माझ्या गुडघ्याखाली असतं, पण तिच्या नाकापासून ते फार लांब नाही. खोकतच ती गाडीत बसली.

मी म्हटलं, "बाबा, इथं तरी गाडी बंद करत जा ना."

"काऊन? निंगायचंच तर हाये आता. घडीघडी स्टार्ट केली का पेट्रोल जास्त खाते, बॅटरी बसते. अन् गरम केल्याशिवाय गाडी हलवू नये, समजलं का?"

एका दमात तीन दावे! मग काय, एकेक तपासून पाहिला.

पहिला: पुन्हा स्टार्ट केली की पेट्रोल जास्त जातं

स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतो. तिथे ओबीडी रीडर लावला की इंजिनाची माहिती फोनवर दिसते. आमची गाडी उभ्या-उभ्या तासाला साधारण 0.7 लिटर पेट्रोल पीत होती. एसी लावला की 1.1 लिटर. तुमच्या गाडीचा आकडा थोडा वेगळा येईल, पण शून्य नक्कीच येणार नाही.

आणि स्टार्ट करायला किती लागतं? काही सेकंद उभं राहण्याइतकंच. म्हणून अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्ला सरळ आहे: 10 सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल आणि रहदारीत अडकलेले नसाल, तर इंजिन बंद करा.

आता हिशोब करू. रोज पंधरा मिनिटं, एसीसकट, शाळेचे 200 दिवस. झालं 55 लिटर. लिटरला 100 रुपये धरले तरी 5,500 रुपये. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे सव्वाशे किलोच्या वर. तेही एक इंच पुढे न जाता!

दुसरा: बॅटरी बसते

स्टार्टर खूप करंट खेचतो, हे खरं. पण एखाद-दुसऱ्या सेकंदापुरताच. पुढे गाडी चालली की तेवढं चार्जिंग भरून निघतं. बॅटरीच म्हातारी झाली असेल तर गोष्ट वेगळी. बसस्टँडवरच्या काळी-पिवळीवाल्याला धक्का मारायची वेळ आली, तर तो इंजिन का बंद करत नाही हे मला समजतं. शिवाय चालू इंजिन म्हणजे त्याची जाहिरातच, 'बसा, निघालीच गाडी!' पण आपल्या घरच्या कारला ना प्रवासी बोलवायचे असतात, ना धक्का मारायचा असतो.

तिसरा: गाडी गरम करावी लागते

हा दावा एकेकाळी अगदी बरोबर होता. 1983 साली मारुती 800 आली, तेव्हा तिच्यात कार्ब्युरेटर होता. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नसे, चोक ओढावा लागे, नाहीतर गाडी बंद पडे. बाबा त्याच काळात ड्रायव्हिंग शिकले.

आताच्या गाडीत सेन्सर इंजिनाचं तापमान पाहतो आणि आतला छोटा कॉम्प्युटर किती पेट्रोल सोडायचं ते ठरवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सॉफ्टवेअर अपडेट झालं, युजरची सवय जुनीच राहिली. आज अर्ध्या मिनिटात निघा, पहिले एक-दोन किलोमीटर हळू चालवा, बस. सायलेन्सरमधला धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही गाडी चालली की लवकर तापतो, आणि तापल्यावरच नीट काम करतो.

एक अपवाद आहे. टर्बो गाडी नागपूर-हैदराबाद हायवेवरून जोरात पांढरकवड्याला आणली, तर बंद करण्याआधी अर्धा-एक मिनिट चालू ठेवा.

कायदा आणि जीव

'दोन मिनिटात येतो' म्हणून चालू गाडी सोडून दुकानात जाणाऱ्यांसाठी: मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 126 सांगतं की सार्वजनिक जागी सीटवर परवानाधारक चालक तरी हवा, नाहीतर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला हवा. मागे लेकरू बसलं असेल तर कारण वेगळं सांगायला नको.

आणि शटर लावलेल्या गॅरेजमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो.

मग उन्हाचं काय?

हा प्रश्न खरा आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो. लहान लेकरू किंवा म्हातारं माणूस गाडीत असताना एसी बंद करून काच लावून बसा, असं मी कधीच म्हणणार नाही. बंद गाडी भट्टी होते. त्यांना घेऊन खाली उतरा, सावलीत थांबा. नाहीतर पंधरा मिनिटं आधी जायच्या ऐवजी तीन मिनिटं आधी पोचा. हा उपाय बाबांचाच बरं का!

हो, बाबा थोडे बदलले. आता ते गेटपासून जरा लांब, कडुनिंबाखाली गाडी लावतात आणि चावी काढतात. सकाळी गाडी गरम करणं मात्र अजून चालूच आहे. त्यावर भांडण पुढच्या महिन्यात.

तुम्ही एवढंच करा: आज कुठे थांबलात की मनात दहापर्यंत मोजा. दहा झाले आणि निघायचं चिन्ह नसेल, तर चावी फिरवा. आणि थांबला असाल ती जागा शाळेचं गेट असेल, तर मोजूही नका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!