विजेची गिटार आणि ब्लूजची मींड

संगीत शिकवणाऱ्या शिक्षकाकडे कधी एखादा मुलगा येतो आणि विचारतो, "गुरुजी, एरिक क्लॅप्टनचा तो सोलो मला वाजवायचा आहे. सुरुवात कुठून करू?" मुलाने तो मोबाइलवर ऐकलेला असतो, कुणाकडून तरी जुनी गिटार मिळवलेली असते. गुरुजींची हयात हार्मोनियमवर गेलेली. ते म्हणतात, "बाबा रे, हे आपले काम नव्हे." मला वाटते, गुरुजींनी इतक्या लवकर हात झटकू नयेत. हे संगीत परके खरे. पण ते शिकण्याची जी वाट आहे ती आपल्या ओळखीची आहे.

सोलो म्हणजे काय? गाणे रंगात आले की गायक थांबतो, बाकीचे वादक लय धरून राहतात आणि गिटारवाला एकटा पुढे होऊन आपले म्हणणे मांडतो. ब्लूज हे मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णी लोकांचे गाणे. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली, तरी मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांवरचे राबणे काही संपले नाही. त्या शेतांतल्या हाका, कामकऱ्यांची गाणी आणि चर्चमधली भजने यांतून ब्लूज उभे राहिले. पुढे ही माणसे पोटासाठी शिकागोसारख्या शहरांत गेली. तिथल्या गुत्त्यांच्या गोंगाटात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून विजेची आली. आणि १९६० नंतर इंग्लंडातल्या गोऱ्या पोरांनी तबकड्या ऐकून ऐकून हे वादन उचलले, त्याचा आवाज चढवला. त्याला ब्लूज-रॉक म्हणू लागले.

आता याची बैठक पाहा. ब्लूजचे एक आवर्तन बहुधा बारा बारांचे, दर बारात चार मात्रा. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा झाल्या. आपल्या त्रितालाची बरोबर तीन आवर्तने! गाण्याच्या ओळीही तीनच असतात. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसरीत तिचा उलगडा करायचा. साथीला पहिले चार बार षड्जाची कॉर्ड, मग दोन मध्यमाची, दोन पुन्हा षड्जाची, नववा बार पंचमाचा, दहावा मध्यमाचा आणि शेवटचे दोन षड्जाचे. एवढे बोटांवर मोजता आले की मुलगा वाट चुकत नाही. मौज अशी की प्रत्येक ओळ गाऊन झाली तरी तिच्या सोळा मात्रांतल्या जवळजवळ निम्म्या मोकळ्या राहतात. ती जागा गिटारच्या उत्तराची. गायकाने विचारायचे आणि तारेने उत्तर द्यायचे, ही सवाल-जवाबाची रीत ज्याला कळली त्याला सोलोमध्ये थांबावे कुठे हेही कळते. नवशिक्या मुलांचे सगळ्यात मोठे दुखणे हेच, की ती थांबतच नाहीत.

स्वर कोणते लागतात? सा, कोमल ग, म, प, कोमल नि. अहो, हा तर आपला औडव धानी! पाचच स्वर. इथवर गुरुजी निर्धास्त असतील. खरी गंमत पुढे आहे. वर गिटार कोमल गांधार लावत असते आणि खाली साथीच्या कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असतो. हे दोन गांधार एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यात ब्लूजची कळ आहे. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गांधार येतात, पण एकामागून एक. इथे ते एकाच क्षणी समोरासमोर उभे राहतात. शिवाय ब्लूजवाला आपला गांधार पुरता कोमलही ठेवत नाही. तो त्याला किंचित वर ओढतो आणि शुद्धाला शिवण्याआधीच सोडून देतो. हा स्वर हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या फटीत बसलेला आहे. पट्टी दाबून तो कधीच सापडायचा नाही.

तो सापडतो मिंडेत. सतारिया तार पडद्यावर आडवी ओढून स्वर चढवतो. विजेच्या गिटारवर नेमके तेच करायचे असते. उदाहरणार्थ, तिसऱ्या तारेवर नववा पडदा आधी साधा वाजवावा. षड्ज पहिल्या तारेच्या पाचव्या पडद्यावर धरला, तर हा पंचम झाला. तो कानात पुरता भरू द्यावा, गुणगुणावा. मग त्याच तारेच्या सातव्या पडद्यावर, म्हणजे मध्यमावर, तिसरे बोट ठेवावे, त्याच्या मागे पहिली दोन बोटे टेकूला द्यावीत आणि तार ढकलत ढकलत त्या पंचमापर्यंत न्यावी. जोर बोटांच्या टोकांचा नसतो. तो मनगटाच्या फिरकीतून येतो. एवढ्या एका पूर्ण स्वराच्या चढाला तारेचा ताण सुमारे सव्वापट करावा लागतो, तेव्हा पहिले काही दिवस बोटे दुखणारच. आणि जरा कमी ओढले तर सूर बेसूर! नुसता कान सांगेल तिथे थांबायचे. हा एक धडा पंधरा दिवस पुरतो, आणि तो झाल्याशिवाय पुढे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कारणाने वादक बारीक तारा पसंत करू लागले. बारीक तारांचे तयार संच बाजारात आले नव्हते तेव्हा कित्येक जण पहिल्या जागी बँजोची तार लावत आणि गिटारच्या तारा एकेक जागा खाली सरकवत.

मिंडेवर पोचल्यावर स्वर झुलवायचा, तेही गळ्यासारखे. या बाबतीत बी. बी. किंग यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांचे एक नातलग बुक्का व्हाइट हे तारेवरून नळी घसरवून वाजवत. ती किमया किंगना काही साधेना. मग त्यांनी नळीचा नाद सोडला आणि नुसते बोट तारेवर थरथरवून तोच रडवा सूर काढू पाहिला. त्यातून जो कंप निघाला तो पुढे जगभरच्या गिटारवाल्यांनी उचलला. अल्बर्ट किंग आणि फ्रेडी किंग हे या कलेतले दुसरे दोघे थोर. आडनाव तिघांचे एक, नाते मात्र कुणाचे कुणाशी नाही.

आता मुख्य प्रश्न : सोलो शिकावा कसा? हल्ली प्रत्येक सोलोचा कागद मिळतो. कोणती तार, कितवा पडदा, सारे आकड्यांत मांडलेले असते. त्याला टॅब म्हणतात. टॅब वाईट नाही, पण तो पत्ता सांगतो, घरातले माणूस भेटवत नाही. मींड किती वेळात चढली, गांधार केवढा ओढला, कंप कधी सुरू झाला, हे आकड्यांत येत नाही. म्हणून कागद मागाहून पाहावा. आधी चार मात्रांचा एकच तुकडा निवडावा आणि तो तोंडाने म्हणता येईपर्यंत ऐकावा. गळ्यातून निघाला की मग बोटांनी शोधावा. जिथे अडेल तिथे कागदाची मदत घ्यावी.

जुन्या मंडळींना कागद नव्हता. त्यांची युक्ती ऐका. काही ग्रामोफोनांना मिनिटाला सोळा फेऱ्यांची मंद गती असे. तेहतीस फेऱ्यांची तबकडी त्या गतीवर लावली की वादन निम्म्या लयीत चाले आणि सूर बरोबर एक सप्तक खाली येई. स्वर तेच, फक्त खर्जातले; म्हणून मेळ बसवणे सोपे जाई. आज मोबाइलवर सूर न उतरवता लय कमी करता येते. मुलांनी तो लाभ जरूर घ्यावा. क्लॅप्टन तरुणपणी आणखी एक गोष्ट करत. तबकडीबरोबर वाजवलेले टेपरेकॉर्डरवर धरून ठेवायचे, मूळ आणि आपले लागोपाठ ऐकायचे, आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत पुन्हा वाजवायचे. स्वतःचे वादन ऐकणे फार कठीण असते, बरं का! पण त्याइतका परखड मास्तर दुसरा नाही.

कुणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. 'हाइड अवे' नावाच्या एका धुनेचा प्रवास पाहा. शिकागोत हाउंड डॉग टेलर एक धून वाजवत. तिचा आधार घेऊन फ्रेडी किंग यांनी १९६० साली 'हाइड अवे' ध्वनिमुद्रित केली; नाव दिले तिथल्याच एका गुत्त्याचे. ती तबकडी इंग्लंडला पोचली. १९६६ साली जॉन मेयॉल यांच्या ब्लूजब्रेकर्स या ताफ्याबरोबर क्लॅप्टननी ती वाजवली. धून फ्रेडी किंगची आणि सूर मात्र नवा, जाड, भरलेला. तो आला कुठून? गिटारच्या तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार हलली की त्या वेढ्यांत वीज उमटते, आणि अँप्लिफायर ती मोठी करतो. अँप्लिफायर त्याच्या कुवतीबाहेर चालवला की सूर फाटतो, करकरतो, पण लांबतोही. एरवी चटकन विझणारा गिटारचा सूर असा लांबला, म्हणून मींड गळ्यासारखी सावकाश घेता आली. क्लॅप्टननी स्टुडिओतही जलशातल्याइतकाच मोठा आवाज ठेवण्याचा हट्ट धरला होता.

'क्रॉसरोड्स'चे असेच. मूळ गाणे मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सन यांचे; १९३६ साली टेक्सासमध्ये एकट्याने साध्या गिटारवर गायलेले. १९३८ साली, सत्ताविशीतच ते वारले. १९६८ मध्ये क्रीम या त्रिकुटाने ते सॅन फ्रान्सिस्कोच्या जलशात वाजवले, आणि त्यातले क्लॅप्टनचे दोन सोलो आजही विद्यार्थी घोटत असतात. त्यांत धानीचे स्वर आहेत आणि मधूनच भूपाचेही; दोन्हींची सरमिसळ कुठे होते ते शोधून काढणे हाच एक अभ्यास आहे. 'हाइड अवे' पुरती बसल्याशिवाय मात्र कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये.

मात्र घेतलेल्याचे नाव सांगावे लागते, आणि इथे या इतिहासाला एक डाग आहे. लेड झेपेलिन या इंग्रज ताफ्याचे 'होल लॉटा लव्ह' १९६९ साली गाजले. त्यातले शब्द विली डिक्सन यांच्या एका गाण्यावरून घेतले होते. ते गाणे मडी वॉटर्स १९६२ सालीच गायले होते. तबकडीवर डिक्सन यांचे नाव नव्हते. त्यांनी १९८५ मध्ये दावा लावला, तेव्हा १९८७ साली तडजोड झाली. ज्यांच्या सुरावर पैसा झाला त्यांतल्या अनेकांना तो फार उशिरा दिसला, काहींना दिसलाच नाही. शिक्षकांनी सोलो शिकवताना तो कुणाचा, कुणाकडून आला, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगावे. गाण्यात गुरूचे नाव घेताना आपण कानाला हात लावतोच ना?

ही परंपरा प्रत्यक्ष ऐकायची असेल तर अल्बर्ट किंग आणि स्टीव्ही रे वॉन यांचे १९८३ साली कॅनडातल्या दूरचित्रवाणीसाठी झालेले वादन मिळवा. किंग त्या वेळी साठीला आलेले. वॉन तिशीच्या आतला, त्यांच्या तबकड्या गिरवून तयार झालेला. किंग डावखुरे. उजव्या हाताची गिटारच उलटी धरून वाजवायचे, म्हणून बारीक तारा वरच्या बाजूला येत आणि मींड घेताना ते तार खाली खेचत. वॉन तीच मींड तार वर ढकलून घेतो, तीही नेहमीपेक्षा जाड तारांवर. डोळे मिटून ऐका आणि कोण वाजवतो आहे ते ओळखा. पहिल्या दिवशी बहुतेक चुकेल. आठ दिवसांनी किंगची मींड कुठे जराशी अलीकडेच थांबते आणि वॉनची कुठे भरभरून पुढे जाते, ते मुलगाच तुम्हांला सांगू लागेल.